'शून्य शुल्क' म्हणजे नक्की किती? परदेशी पैसे पाठवणे-बदलणे : अनुभव धागा

नोंदवही

परदेशात पैसे पाठवताना किंवा चलन बदलून घेताना कुठे कमी कापलं जातं, याची माहिती वेगवेगळ्या प्रतिसादांत विखुरली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा. "अमुक ॲप झकास आहे" एवढ्यावर थांबू नका. दर, शुल्क, लागणारा वेळ आणि घोळ नेमका कुठे होतो, ते येऊ द्या.

तुलनेच्या पद्धतीपासून सुरुवात करतो. इकडच्या खात्यातून एकूण किती गेले आणि तिकडे किती पोचले, हे दोनच आकडे घ्यायचे आणि मधल्या दराशी ताडून पाहायचे. मधला दर म्हणजे बाजारातल्या खरेदीभाव आणि विक्रीभावाच्या बरोबर मधला. चलनांचे दर देणाऱ्या संकेतस्थळांवर सहसा हाच दिसतो.

समजा, मधला दर १ युरोला १.१० डॉलर आहे. म्हणजे १,००० युरोंचे १,१०० डॉलर व्हायला हवेत. एक कंपनी 'शून्य शुल्क' म्हणते आणि दर देते १.०६७. हातात १,०६७ डॉलर, म्हणजे ३ टक्के गेले. दुसरी ६ युरो शुल्क घेते पण दर मधलाच देते. उरलेल्या ९९४ युरोंचे १,०९३.४० डॉलर होतात, म्हणजे ०.६ टक्के गेले. जाहिरातीत पहिली स्वस्त दिसते, हिशेबात ती पाचपट महाग आहे.

दोन कंपन्यांचे आकडे एकाच वेळी, शक्यतो एकाच मिनिटाला घ्यायचे. सकाळचा एक आणि संध्याकाळचा दुसरा घेतला तर बाजार हलल्याचा फरक कंपनीच्या नावावर जमा होतो.

काउंटरपलीकडून

बँकेच्या वायर ट्रान्सफरबद्दल, म्हणजे एका बँकेतून परदेशातल्या दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याबद्दल, लिहितो. ती स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यावरून होते. स्विफ्टमधून पैसे जात नाहीत, फक्त बँकांमधले संदेश जातात. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकेची एकमेकींकडे खाती नसतील तर मध्ये एक-दोन मध्यस्थ बँका येतात आणि त्या जाता जाता आपलं कापून घेतात. म्हणूनच १,००० पाठवले तर पलीकडे ९७५ पोचतात आणि दोन्हीकडच्या बँका "आम्ही नाही कापले" म्हणतात. बऱ्याचदा दोघी खरंच बोलत असतात.

फॉर्मवर शुल्काचे तीन पर्याय असतात. ओयूआर म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, एसएचए म्हणजे वाटून, बीईएन म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. विद्यापीठाची फी, घरभाडं, बिल असं जिथे आकडा तंतोतंत पोचायला हवा तिथे ओयूआर घ्या. एसएचएने पाठवलेली फी थोडी कमी पडते आणि त्या थोड्यासाठी पुन्हा पूर्ण शुल्क भरून दुसरी वायर करावी लागते.

याहून मोठी गळती चलनात होते. खातं युरोचं आणि पाठवले डॉलर, तर घेणारी बँक स्वतःच्या दराने बदलून जमा करते, आणि त्या दरावर आपला काहीच ताबा नसतो. म्हणून चलन कोण बदलणार हे आधी ठरवा. आपली बँक पाठवतानाच बदलून देते तो दर आणि तिकडच्या बँकेचा आवक दर, दोन्ही विचारून घ्या. खातं बंद किंवा क्रमांक चुकीचा निघाला तर रक्कम उलटी येते. येताना शुल्क पुन्हा कापलं जातं आणि दर या खेपेला बँकेचा खरेदीचा लागतो. एकाच रकमेवर दोनदा मार.

पैसे अडकले तर "कुठे आहेत?" असं विचारून काही हाती लागत नाही. यूईटीआर क्रमांक मागा. प्रत्येक व्यवहाराला असा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो आणि त्यावरून रक्कम कुठल्या बँकेत थांबली, कोणी किती कापले हे बँकेला दिसतं. सोबत पाठवलेल्या संदेशाची प्रतही मागा. तिला एमटी१०३ म्हणायची सवय अजून आहे, नव्या स्वरूपात ती पॅक्स.००८ झाली आहे.

चौकस

ओयूआर घेऊनही कमी पोचतात, ते कसे काय?

काउंटरपलीकडून

घेणाऱ्या बँकेचं स्वतःचं आवक शुल्क ओयूआरमध्ये येतंच असं नाही. ते तिच्या आणि तिच्या ग्राहकामधल्या कराराचा भाग असतं. पाठवण्याआधी घेणाऱ्याला त्याच्या बँकेत विचारायला सांगा.

खुर्दा

वाइज, रेमिटली यांसारख्या ऑनलाइन सेवा स्वस्त पडण्याचं मुख्य कारण असं, की बहुतेक वेळा तुमचा पैसा सीमा ओलांडतच नाही. तुम्ही इकडच्या त्यांच्या स्थानिक खात्यात भरता, ते तिकडच्या त्यांच्या स्थानिक खात्यातून देतात. मध्यस्थ बँकांची साखळीच नाही. वाइज २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज या नावाने सुरू झाली ती याच पायावर.

तपशिलात मात्र बारकावे आहेत. पैसे भरण्याची पद्धत बदलली की किंमत बदलते. बँक ट्रान्सफर सहसा सगळ्यात स्वस्त, डेबिट कार्ड त्याहून महाग, क्रेडिट कार्ड सगळ्यात महाग. शिवाय कार्ड देणारी बँक असा व्यवहार रोख उचल म्हणून धरू शकते. मग वेगळं शुल्क, आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

दर 'लॉक' झाला याचा अर्थ ठरावीक तासांपुरता लॉक झाला. तेवढ्या वेळात पैसे त्यांच्याकडे पोचले नाहीत तर नवा दर लागतो. बँकेची सुट्टी जवळ असताना हे हटकून होतं.

भरणा स्वतःच्याच नावाच्या खात्यातून करा. नवऱ्याच्या ॲपवरून व्यवहार आणि बायकोच्या खात्यातून भरणा, असं केलं की रक्कम परत येते. संदर्भ क्रमांक दिला असेल तर तो जसाच्या तसा टाका, नाहीतर पैसे कोणाचे हे शोधण्यात दिवस जातात.

ओळखपत्राची पडताळणी घाई नसताना करून ठेवा. मोठ्या रकमेला पैसा कुठून आला याचा पुरावा मागतात. पगारपत्रक, घरविक्रीचा करार, बँकेचा उतारा तयार असू द्या. रक्कम अर्ध्या वाटेत असताना कागदपत्रं मागितली की सगळं थबकतं.

आणि हो, पहिल्या व्यवहाराचा झगझगीत दर दुसऱ्या व्यवहाराला नसतो. तुलना दुसऱ्या व्यवहाराच्या दराने करा.

पासबुक

वरच्या प्रतिसादाला +१. एक भर घालतो. परकीय चलनाचा बाजार शुक्रवारी न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ ला थांबतो आणि रविवारी तिथल्याच ५ ला सुरू होतो. मधल्या काळात दर बदलला तर भुर्दंड आपल्याला नको, म्हणून काही ॲप शनिवार-रविवारी वाढीव टक्का लावतात. घाई नसेल तर मंगळवार-बुधवारी बदला.

स्वाइप

कार्डाचं बोलू. परदेशात दुकानातलं मशीन किंवा एटीएम विचारतं, "तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का?" उत्तर नेहमी नाही. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात आणि दर मशीनवाला ठरवतो. स्थानिक चलन निवडलं तर दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो, जो मधल्या दराच्या बराच जवळ असतो. त्यावर तुमच्या बँकेचं परदेशी व्यवहार शुल्क, अनेक कार्डांवर ३ टक्क्यांपर्यंत, काहींवर शून्य. कार्ड निवडताना पाहण्याचा आकडा हाच.

एटीएमवरचा प्रश्न मुद्दाम गोंधळात टाकणारा असतो. 'डिक्लाइन कन्व्हर्जन' दाबलं की व्यवहारच रद्द होईल असं वाटतं. होत नाही, नोटा येतात, फक्त दर तुमच्या कार्डाचा लागतो. दुकानात विक्रेता न विचारताच बटण दाबून मोकळा होतो. पावतीवर दोन चलनं आणि एक विनिमय दर छापलेला दिसला तर सही किंवा पिन देण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. घरी आल्यावर भांडून फारसं काही निघत नाही.

एटीएमचं ठोक शुल्क दर वेळी लागतं, म्हणून थोडे थोडे चारदा काढण्यापेक्षा एकदाच काढा. आणि क्रेडिट कार्डाने रोख काढूच नका.

परतावा हा आणखी एक सापळा. वस्तू परत केली की रक्कम परताव्याच्या दिवसाच्या दराने येते, त्यामुळे खरेदीइतकीच येईल असं नाही. गाडी भाड्याने घेताना अडवून ठेवलेली रक्कम आणि शेवटी कापलेली रक्कम यांचे दरही वेगळे असू शकतात.

पेपालने दुसऱ्या चलनात पैसे देताना तो स्वतःच चलन बदलतो आणि साधारण ३ ते ४ टक्के वर लावतो. पैसे देण्याच्या पानावर चलन-बदलाचा पर्याय उघडून विक्रेत्याच्या चलनात बिल घेतलं की बदल कार्डाच्या दराने होतो. कार्डाचं परदेशी शुल्क कमी असेल तरच यात फायदा.

मोडतोड

नोटा बदलायच्या असतील तर 'नो कमिशन'ची पाटी वाचू नका, फळ्यावरचे दोन आकडे वाचा. खरेदी ०.८८, विक्री १.०२ असेल तर मध्य ०.९५. म्हणजे एकदा बदललं की ७ टक्क्यांहून जास्त गेले. दोन आकड्यांत जेवढी फट, तेवढी त्याची कमाई. विमानतळावर ही फट रुंद असते, कारण गिऱ्हाईक अडलेलं असतं. तिथे शहरात पोचण्यापुरतंच बदला.

डॉलरच्या नोटा कोऱ्या ठेवा. फाटलेली, शिक्का किंवा शाईचा डाग असलेली, जुन्या मालिकेतली लहान चेहऱ्याची नोट अनेक देशांत नाकारतात किंवा कमी भावाने घेतात. १०० च्या नोटेला ५ आणि १० च्या नोटांपेक्षा चांगला भाव देणाऱ्याही जागा बऱ्याच आहेत. नाणी परत कोणी घेत नाही, ती तिथेच खर्चून टाका. काही चलनं देशाबाहेर नेताच येत नाहीत, उदाहरणार्थ ट्युनिशियाचा दिनार. पावती जपा, उरलेले परत बदलताना ती मागतात.

१०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख घेऊन युरोपीय संघात शिरताना किंवा बाहेर पडताना घोषणा करावी लागते. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर. घोषणा केली म्हणून कर लागत नाही. लपवली तर रोकड जप्त होऊ शकते.

मोठी रक्कम

घर विकलं, वारसा आला अशा रकमांना ०.५ टक्केही बराच पैसा होतो. इथे शेअर ब्रोकरचा मार्ग आहे. इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सकडे चलन बदलायचं कमिशन रकमेच्या ०.००२ टक्के आणि किमान २ डॉलर, दर थेट बाजाराचा. एका चलनात पैसे भरायचे, बदलायचे, दुसऱ्या चलनात त्या देशातल्या स्वतःच्या खात्यात काढायचे.

पण अटी पाहा. दोन्ही खाती स्वतःच्या नावावर हवीत, दुसऱ्याला पाठवता येत नाही. चलनाचा व्यवहार पुरा व्हायला साधारण दोन कामकाजाचे दिवस लागतात आणि नव्याने भरलेली रक्कम काही दिवस बाहेर काढू देत नाहीत. फक्त चलन बदलण्यासाठी खातं वापरलेलं ब्रोकरला आवडत नाही. ५०० युरोंसाठी हा खटाटोप करू नका.

रक्कम मोठी म्हणून ती मर्यादेखालच्या तुकड्यांत पाठवायची, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नोंद चुकवण्यासाठी तुकडे करणं हाच अनेक देशांत गुन्हा आहे.

सावधराव

स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं क्रिप्टो नाणं) "जवळजवळ फुकट" म्हणणारे फक्त मधला टप्पा मोजतात. विकत घेताना आणि तिकडे विकताना जो फरक जातो तोही धरा, मग धाग्याच्या सुरुवातीचा हिशेब लावा. कित्येकदा साधी ऑनलाइन सेवा स्वस्त निघते. नाणं ज्यावरून जातं ते नेटवर्क (ट्रॉन, इथेरियम वगैरे) चुकलं तर परत मिळवणं कठीण. ट्रॉनचा पत्ता टी पासून सुरू होतो म्हणून निदान ओळखू येतो. इथेरियम, पॉलिगॉन वगैरेंचे पत्ते सारखेच दिसतात आणि चूक तिथेच होते. आधी छोटी रक्कम पाठवून ती पोचल्याची खात्री करा. अनोळखी माणसाला थेट विकताना त्याचा पैसा फसवणुकीचा निघाला तर गोठतं ते तुमचं बँक खातं.

चौकस

आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) एका अंकाने चुकला तर पैसे दुसऱ्याला जातील का?

काउंटरपलीकडून

सहसा नाही. देशाच्या दोन अक्षरांनंतरचे दोन अंक त्यासाठीच असतात. पहिली चार चिन्हं शेवटी न्यायची, अक्षरांचे अंक करायचे (ए म्हणजे १० पासून झेड म्हणजे ३५), आलेल्या संख्येला ९७ ने भागायचं. बाकी १ उरली तर क्रमांक लिहिण्यात चूक नाही. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की बाकी बदलते आणि व्यवहार तिथेच अडतो. पण खातं तुम्हाला हव्या त्याच माणसाचं आहे का, हे यातून कळत नाही. ईमेलवर "आमचा खाते क्रमांक बदलला" असं आलं तर तो नवा आयबॅनही ९७ ने भागल्यावर बाकी १ च उरवेल. अशा वेळी ईमेलमधल्या नाही, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारा.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आयबॅन चालत नाही. अमेरिकेत बँक ओळखण्यासाठी ९ अंकी राउटिंग क्रमांक लागतो, आणि काही बँकांचा वायरसाठीचा राउटिंग क्रमांक चेकवर छापलेल्या क्रमांकाहून वेगळा असतो. चेकवरून उतरवून पाठवलेली वायर परत येते ती बऱ्याचदा यामुळे.