मुलींसाठी वेगळं कोडिंग वर्कशॉप : गरज आहे की नुसतं फॅड?

घाटावरची :
आमचा चारपाच जणींचा ग्रुप मावळातल्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलींना रविवारी पायथन ही कोडिंगची भाषा शिकवतो. आता शाळेच्या समितीतले एक काका अडून बसलेत की फक्त मुलीच का, सगळ्यांना एकत्र घ्या नाहीतर लॅब मिळणार नाही. माझं म्हणणं, निदान सुरुवातीला तरी मुली वेगळ्याच बसाव्यात. कारण एका मशीनवर चौघं असली की माऊस मुलाच्या हातात आणि मुलगी शेजारी बसून वहीत सुबक अक्षरात प्रोग्राम उतरवून घेणार, मार्क तिलाच जास्त पडणार, पण एरर आली की कीबोर्डला हात तो लावणार. तुम्हाला काय वाटतं?

हिंजवडीचा_कारकून :
अजिबात पटलं नाही. माझ्या टीममध्ये निम्म्या मुली आहेत. तुम्ही अमेरिकेतलं दुखणं इथे आणताय. तिकडे 1984 च्या आसपास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांमध्ये 37 टक्के मुली होत्या, नंतर त्या विशीच्या खाली घसरल्या म्हणून त्यांनी ही मोहीम काढली. आपल्याकडे उलट, कॉम्प्युटर म्हणजे 'मुलीसाठी बरी ब्रँच', एसीत बसून काम, आईबापच फॉर्म भरतात. पुण्यात मुलींचं वेगळं इंजिनिअरिंग कॉलेज 1991 पासून आहे, अजून किती वेगळं काढायचं?

लातूरची_लेक :
कारकूनसाहेब, हिंजवडीच्या गेटातून आत आलेल्या मोजताय तुम्ही, बाहेर राहिलेल्या कोण मोजणार? आयआयटीत बीटेकला शंभरात दहा मुलीपण नव्हत्या म्हणून 2018 पासून जादा जागा काढाव्या लागल्या ना? आणि घरात स्मार्टफोन एकच असला की तो दादाकडे, तिला मिळतो तो रात्री भांडी झाल्यावर, तेव्हा डेटा संपलेला.

शेंगदाणा :
ताई, त्या दादाकडेही फोनच आहे हो, लॅपटॉप नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला पोरगा काय कोडिंग शिकून आलाय का? त्याला दाराबाहेर उभं करून तुम्ही समानता शिकवणार! काका बरोबर बोलतायत, फक्त बोलायची पद्धत चुकली असेल.

बाराखडी_गुरुजी :
मी शिक्षक आहे त्यामुळे जरा लांबण लागेल. माझा आक्षेप दोन्ही बाजूंना आहे. वर्कशॉप म्हटलं की बॅनर, दीपप्रज्वलन, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो आणि सोमवारी लॅबला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, कारण काही बिघडलं तर जबाबदार कोण. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेत स्वतः काहीतरी बनवून बघायच्या सरकारी योजनेतल्या लॅब आल्या, एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत मदत, पण थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलेला मी स्वतः पाहिलाय. ते जँगो गर्ल्सचं मुलींसाठीचं वेबसाइट बनवायचं वर्कशॉप 2014 ला बर्लिनमध्ये सुरू झालं, दोन पोलिश मुलींनी काढलं, एक दिवस, फुकट, संध्याकाळपर्यंत पोरीची स्वतःची वेबसाइट तयार. छानच आहे, पण तिथे येणारी मुलगी आपला लॅपटॉप घेऊन येते आणि घरी गेल्यावर तोच उघडते. आमची मुलगी घरी जाऊन काय उघडणार? मुली की मुलं हे नंतर बघू, आधी किल्लीचं बोला.

घाटावरची :
गुरुजी, किल्लीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, म्हणूनच आम्ही दीपप्रज्वलनवालं काही करत नाही, दर रविवारी जातो आणि एका मशीनवर दोघीच बसवतो, दर अर्ध्या तासाने खुर्च्या बदलायच्या. मागे एकीने len("शाळा") टाइप केलं, len म्हणजे शब्दाची लांबी मोजायची कमांड, उत्तर आलं 4. तिचं म्हणणं अक्षरं दोन आहेत, कॉम्प्युटर येडा आहे. मग तिने एकेक करून छापून बघितलं तर श वेगळा, काना वेगळा, ळ वेगळा, परत काना. लगेच सगळ्याजणी आपापली नावं टाकायला लागल्या, जोडाक्षरवाल्या मुलीचा आकडा सगळ्यात मोठा आला म्हणून ती खूश. हे मी शिकवायला घेतलंच नव्हतं. मुलं असती तर 'एवढं पण माहीत नाही' म्हणून कुणीतरी हसलं असतं आणि पोरीने विचारलंच नसतं.

हिंजवडीचा_कारकून :
मुली पण हसतात एकमेकींना, घाटावरची. बरं, तुमच्याच बाजूचं उदाहरण देतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1995 ला कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षात 7 टक्के मुली होत्या, 2000 ला 42 टक्के. त्यांनी मुलींचे वर्ग वेगळे नाही काढले. ज्यांनी आधी कोडिंग केलंय आणि ज्यांनी नाही त्यांना वेगवेगळं सुरू करून दिलं, शिवाय ॲडमिशन देताना आधीच्या कोडिंगचं स्तोम कमी केलं. तसं करा ना, ज्याला येत नाही तो नवशिक्या बॅचला, पोरगा असो की पोरगी.

लातूरची_लेक :
ते कॉलेज आहे हो. आठवीत 'आधी केलंय' म्हणजे काय, तर गेम खेळून माऊसवर बसलेला हात. तशी चाळणी लावली तर नवशिक्या बॅचमध्ये परत मुलीच उरतील, मग सरळ मुलींची बॅच म्हणायला काय हरकत?

शेंगदाणा :
हरकत एवढीच की त्यात आमचा ऊसतोडीवाला पोरगा पण उरेल, आणि तुमच्या बोर्डावर 'फक्त मुलींसाठी' असेल.

घाटावरची :
शनिवारी दुपारी त्याच्यासाठी बॅच काढायला माझी ना नाही, मुली तिथेही आल्या तरी चालेल, रविवार मात्र मुलींचाच. शिकवायला माणसं कमी पडतात हीच अडचण आहे. कारकूनसाहेब, हिंजवडीहून तास-दीड तास लागतो, येताय का?

हिंजवडीचा_कारकून :
या महिन्यात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार धरा. पण काकांना आधी कळवा, नाहीतर मी यायचो आणि लॅबला कुलूप.