फ्रान्समधली डोंगरावरची गावं, आईबाबांसोबत ८ दिवस: प्लॅन बघून सांगा

रानवाट:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन फ्रान्सला जातोय, पॅरिसचं सगळं ठरलंय, प्रश्न पुढच्या ८ दिवसांचा आहे. डोंगरमाथ्याला चिकटलेली ती दगडी घरांची गावं बाबांना बघायचीयत, गोर्दचा एक जुना कॅलेंडरवरचा फोटो त्यांनी कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवलाय, मी शाळेत होतो तेव्हापासून. तर ४ दिवस प्रोव्हान्स (गोर्द, रूसियों, बॉन्यू, मेनेर्ब, लूरमारँ) आणि ४ दिवस दोर्दोन्य (सार्ला, दोम, रोकामादूर) असं डोक्यात आहे, रोज २-३ गावं. गाडी भाड्याने घेणार. आई शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं, पण मासे-मटण अजिबात नाही आणि तिचे गुडघेही दुखतात. तिचे खायचे हाल होऊ नयेत एवढीच काळजी आहे. जमेल का हे?

पायवाट_७:
रानवाट, स्पष्ट सांगते, ८ दिवसांत दोन्ही नको. मधलं अंतर चारशे किलोमीटरच्या वर आहे, एक अख्खा दिवस गाडीत जाईल आणि आईबाबांचे पाय सुजतील ते वेगळंच. बाबांचा जीव गोर्दमधे आहे ना, मग लुबेरों डोंगराच्या आसपास एकच घर घ्या आठही दिवस. गोर्द ते रूसियों जेमतेम १० किलोमीटर आहे, सगळी गावं हाकेच्या अंतरावर आहेत.

आणि रोज २-३ गावं करू नका, आम्ही पहिल्या वेळी तेच केलं आणि दोन दिवस दुपारी उपाशी राहिलो. तिथे दुपारचं जेवण १२ ते २, त्यानंतर स्वयंपाकघर बंद म्हणजे बंदच, अडीचला पोचलात तर समोर टेबलं रिकामी दिसतात पण ताट मिळत नाही, मग रात्री सात-साडेसातपर्यंत थांबा. सासूबाईंना औषध घ्यायचं होतं जेवून, त्यांना गाडीत बिस्किटं द्यावी लागली, फार वाईट वाटलं मला त्या दिवशी. तेव्हापासून आम्ही दिवस जेवणावरून आखतो, सकाळी बाजार, बाराला टेबल, मग एकच गाव निवांत. बाजाराचे वार ठरलेले असतात: गोर्द मंगळवार, रूसियों गुरुवार, बॉन्यू आणि लूरमारँ शुक्रवार, आप्त शनिवार, कुस्तलेला रविवारी शेतकऱ्यांचा. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच हॉटेलं बंद असतात, त्या दोन दिवसांचं सामान आधीच आणून ठेवा.

आप्तच्या बाजारात खरबूज घेताना बाईंनी मला विचारलं, दुपारी खाणार की रात्री? मी म्हटलं रात्री, तर त्यांनी हातातलं परत ठेवलं, दुसरं उचललं, देठापाशी अंगठ्याने हळूच दाबलं, वास घेतला आणि मग दिलं. रात्री कापलं तर बरोब्बर पिकलेलं! तुमच्या आईंना हे बाजार फार आवडतील बघा. फक्त आधी बोंजूर म्हणायचं, ते न म्हणता एकदम भाव विचारला तर त्यांना खटकतं, आणि फळाला आपण होऊन हात लावायचा नाही.

ओवी_आणि_मिरी:
मी १२ वर्षं शाकाहारी म्हणून फ्रान्समधे राहतेय म्हणून फक्त जेवणाचं लिहिते. दोर्दोन्य वगळलंत तर आईंच्या दृष्टीने चांगलंच, तिकडे बदकाशिवाय पान हलत नाही, सार्लाचे बटाटे म्हणून जे देतात तेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात. प्रोव्हान्समधे भाज्या आणि ऑलिव्ह तेल, त्यामुळे जमतं, पण नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, मासे चालत असतील असं धरतात कधीकधी. "सां व्यांद, सां प्वासों" असं म्हणा, मांस नको मासे नकोत.

तापनाद नावाची काळ्या ऑलिव्हची चटणी समोर येईल, दिसायला निर्धोक पण त्यात अँचोव्ही मासा वाटलेला असतो. गरम बकरी-चीजचं सॅलड मागवलंत तर "सां लार्दों" सांगा, नाहीतर वरून बेकनचे तुकडे घालतात. रातातुई (वांगी, झुकिनी, टोमॅटोची भाजी) बिनधास्त खा. पिस्तूचं सूप म्हणजे घेवडा, झुकिनी, बटाटा शिजवून वर तुळशीच्या जातीतल्याच बेझिलची लसूण घालून केलेली चटणी, सप्टेंबरमधे ओल्या शेंगांचे दाणे असतात तेव्हा ते फार सुरेख लागतं, पण काही घरांत डुकराच्या मांसाचा तुकडा टाकतात, विचारून घ्या. आणि एक, बऱ्याच पारंपरिक चीजमधे दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे आईंना आधी सांगा, ठरवू दे त्यांचं त्यांना.

पाण्यासाठी "काराफ दो" म्हणा, नळाचं चांगलं पाणी फुकट येतं, ब्रेडचेही पैसे नसतात.

घाटवळण:
गाडीचं बोलतो. पॅरिसहून टीजीव्हीने (वेगवान रेल्वे) आव्हिन्यों टीजीव्ही स्टेशनला अडीच-पावणेतीन तासांत पोचता, गाडी तिथेच घ्या. ऑटोमॅटिक हवी तर आत्ताच बुक करा, तिकडे मॅन्युअल जास्त. इंटरनॅशनल परमिट जवळ असू द्या. उजवीकडून येणाऱ्या रस्त्याला पाटी नसेल तर त्याचा हक्क पहिला, खेड्यांत हे जपा. गाडी गावाबाहेरच्या पार्किंगमधे लावून वर चालत जायचं असतं, दगडी उतार गुळगुळीत असतात, काकूंना चांगली पकड असलेले बूट आणि काठी हवीच. बॉन्यूच्या वरच्या चर्चला ८६ पायऱ्या आहेत, ते सोडा, दृश्य खालूनही दिसतं. रूसियोंच्या गेरूच्या वाटेवर पांढरे कपडे नकोत, तो लाल-केशरी रंग निघत नाही.

रानवाट:
तिघांचेही खूप आभार. दोर्दोन्य काढलं, आईला वाचून दाखवलं तर ती खरबुजावरच अडकलीय, आप्तचा शनिवार पक्का झाला. शेवटचं विचारतो, गोर्दला मंगळवारी बाजार आहे म्हणजे त्याच दिवशी जावं ना?

पायवाट_७:
बाजारासाठी हो, बाबांच्या फोटोसाठी नको, मंगळवारी पार्किंगच मिळत नाही. बुधवारी सकाळी लवकर निघा, काव्हायोंकडून वर येणाऱ्या रस्त्यावर गावाच्या अलीकडे एका वळणावर कड्याचा दगडी कट्टा आहे, तिथून अख्खं गाव समोर दिसतं आणि सकाळचं ऊन थेट घरांवर असतं. वळण अरुंद आहे, गाडी थोडी पुढे लावून चालत मागे या, आणि बाबांना तिथे घाई करू नका.