मदत हवी आहे: ११ आठवड्यांची मादी आणि नसबंदी झालेला नर ससा, एकत्र कधी सोडू?

तापीकाठ
घर भुसावळला. नर २ वर्षांचा, १.९ किलो. २२ दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं, टाके सुकले. मादी ११ आठवड्यांची, ८५० ग्रॅम, परवाच्या बाजारातून आणली. दोन्ही पिंजरे एकाच खोलीत, जाळीला जाळी लावून ठेवलेत. आज १० मिनिटं एकत्र सोडलं तर तो मागे पळाला आणि वर चढायला बघत होता. ती गप्प बसून राहिली, भांडण नाही झालं.
१. आता पिल्लं व्हायची भीती आहे का?
२. ती गप्प बसते म्हणजे जुळलं ना?
३. आखाजीच्या आत एका पिंजर्‍यात टाकायचे आहेत. कूलर एकच आहे हो.

कळण्याची_भाकर
ताई, आधी दोन्ही पिंजरे लांब करा, बाकीचं नंतर. बाजारातला ससा किमान १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचा. चारापाणी आधी जुन्याला, मग नव्याला, आणि मधे हात साबणाने धुवायचे. कानांच्या कडा, नाक आणि पायाची बोटं रोज बघा. पांढरट खपल्या दिसल्या तर ती खरूज, आणि ती माणसालाही लागते. आयव्हरमेक्टिनचा डोस डॉक्टर वजनावर ठरवतील. कुत्र्याचा फिप्रोनिलवाला स्प्रे सशावर चुकूनही मारू नका, त्याने ससे मरतात. पातळ लेंड्या, शिंका, नाकातून चिकट पाणी यातलं काही दिसलं तर १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आता तुमचे प्रश्न. नराची दोन्ही अंड काढलीत की फक्त नस बांधली? आपल्याकडे दोन्हीला नसबंदीच म्हणतात, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्या. नुसती नस बांधली असेल तर काही आठवड्यांनी पिल्लांची भीती जाते, पण त्याची चढाचढ आणि मुतून हद्द आखणं तसंच चालू राहील. अंड काढली असली तरी नळीत उरलेल्या बीजावर काही आठवडे पिल्लं होऊ शकतात, म्हणून ४२ दिवस धरून चला. तुमचे २० दिवस बाकी आहेत. मादीला माज साधारण १६ आठवड्यांनंतर येतो, त्यामुळे तिकडून आज धोका कमी. पण बाजारात सांगितलेलं वय म्हणजे विकणार्‍याच्या तोंडचं वय, त्यावर भिस्त ठेवू नका.

दुसर्‍या प्रश्नाचं उत्तर मात्र "नाही". पिल्लू मोठ्या सशापुढे दबून बसतं, ते जुळणं नव्हे. ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान तिचे हार्मोन जागे झाले की हीच मादी पिंजरा आपला समजून नराला फाडायला धावते. ज्यांचे ससे "आधी चांगले राहत होते आणि अचानक बिघडले" त्यांच्यात बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. शिवाय ८५० ग्रॅमच्या पिल्लाची कातडी पातळ, एका चाव्यात फाटते.

म्हणून माझं मत: तिचंही ऑपरेशन होईपर्यंत दोघं जाळीच्या अलीकडे-पलीकडेच राहू द्या. ती ६ महिन्यांची होईल जूनच्या अखेरीस, तोवर पाऊस लागलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडच्या ४४ अंशांत सशाला भूल देऊन प्रवास घडवण्यापेक्षा हे फार बरं. ऑपरेशननंतर ४ ते ६ आठवडे जखम भरायला आणि हार्मोन उतरायला द्या. म्हणजे गाठ घालायची श्रावणात. मात्र कानबाईच्या सणाला आलेल्या पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर.

सातपुडा_पायथा
एवढं लांबवायची गरज नाही. दोघांना एका टोपलीत घालून स्कूटरवर अर्धा तास फिरवलं की घाबरून एकमेकांना चिकटतात. लगेच जुळतात.

गव्हाणी
भाऊ, ते चिकटणं भीतीचं आहे. टोपली उघडली की भीती जाते आणि भांडण उरतं. त्यात सध्याच्या उन्हात बंद टोपली म्हणजे भट्टी. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते. २८-३० अंशांपुढे त्याला त्रास सुरू होतो. तोंड उघडून धापा, ओलं नाक, लाळ दिसली तर कान साध्या गार पाण्याने ओले करायचे (बर्फाच्या नाही) आणि थेट दवाखाना गाठायचा.

ताई, कूलरसाठी एक पिंजरा कशाला हवा? १४ दिवस झाले की दोन्ही शेजारी ठेवा, मधे १० सेंटीमीटर फट राहू द्या. जाळीला जाळी भिडली की नाकं आणि बोटं चावली जातात. एक बाजू ओल्या गोणपाटाने झाका, आत कौल किंवा फुटक्या माठाचं खापर ठेवा, ससा त्यावर पोट टेकून पडतो. घर धाब्याचं असेल तर निम्मं काम आपोआप झालं. रोज संध्याकाळी दोघांचा चारा फटीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर टाका, आणि दोन दिवसांआड लेंड्यांचे ट्रे अदलाबदल करा. वास ओळखीचा झाला की पुढचं सोपं जातं.

चार्‍याचं: लसूणघास पिल्लाला चालते, मोठ्या नराला रोज नको, कॅल्शियम जास्त असतं. त्याला वाळलेलं गवत. कपाशीच्या बांधावरचं गवत फवारणीमुळे नको, कोवळी ज्वारी तर अजिबात नको, तिच्यात साइनाइड असतं. आणि केळी स्वस्त म्हणून अख्खं केळं देऊ नका. एक पातळ चकती, तीही आठवड्यातून एकदा-दोनदा.

तापीकाठ
धन्यवाद. दोन्ही अंड काढलीत, विचारून घेतलं. मादी खरंच मादी आहे, दाबून बघितलं, चीर दिसते, गोल नळी नाही. तिच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय विचारू? आणि श्रावणात नेमकं कसं सोडायचं? मोरीत चालेल का?

कळण्याची_भाकर
डॉक्टरांना विचारा: सशांची किती ऑपरेशनं केलीत, आणि आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का. "ठेवा" म्हणाले तर दुसरे डॉक्टर बघा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखा उपास लागत नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतडी थंडावतात. वेदनाशामक किती दिवस देणार हेही विचारा. तोंडाने अमॉक्सिसिलिन लिहून दिलं तर नम्रपणे बदलून मागा, सशाच्या पोटातले उपयोगी जंतू त्याने मरतात. ऑपरेशननंतर १२ तासांत लेंड्या पडल्या नाहीत तर लगेच फोन. जवळपास सशाचे डॉक्टर नसतील तर नागपूर किंवा परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्रीच्या गाडीने न्या, पिंजर्‍यात काकडी ठेवा.

मोरी चालेल, पण नर तिथे कधी फिरलेला नसावा. फरशीवर गोधडी अंथरा, पाय घसरले की ससे घाबरून चावतात. सुरुवातीला ४ बाय ४ फूट जागा, गवताचा मोठा ढीग मधोमध, दोन पाण्याच्या वाट्या आणि दोन्हीकडून उघडे असलेले खोके. एकच दार असलेल्या खोक्यात एक जण कोंडला जातो आणि तिथेच भांडण पेटतं. पहिले दिवस १० मिनिटं, रोज, हातात जाड हातमोजे आणि केराची सुपली. मागून चढला तर काही सेकंद चालू द्या. डोक्याकडून चढला तर ताबडतोब उतरवा, खालचा ससा त्याच्या नाजूक जागी चावतो. कान मागे, शेपटी वर, दोघं गरगर फिरायला लागले की सुपली मधे घाला, उघडा हात घालू नका. भांडण झालंच तर केस बाजूला करून सगळं अंग बोटांनी चाचपा. सशाचा पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, चाव्याची गाठ आठवड्याने कळते.

पाठीला पाठ लावून खाणं, शेजारी पसरणं, एकमेकांचं कपाळ चाटणं दिसलं की वेळ वाढवत न्या. सलग ४८ तास, रात्र धरून, शांततेत गेले की मगच एक पिंजरा, आणि तोही व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन, आतली मांडणी बदलून. त्याआधी रात्री एकत्र ठेवू नका, भांडणं पहाटेच होतात आणि तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता.