मदत हवी आहे: परदेशी कंपनी विचारतेय 'सोलापूरच का?' उत्तर कसं लिहू?

टेरीवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण कामाचं आहे, शेवटपर्यंत वाचा ही विनंती. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे, वडिलांनी साध्या यंत्रमागांवर सुरू केलेला, आता रॅपियर (बिनधोट्याचे आधुनिक माग) आहेत. इंग्लंडमधली एक कंपनी हॉटेलांना आणि हॉस्पिटलांना टॉवेल पुरवते, ती बरीच वर्षं आमच्याकडून आणि इथल्या अजून काही जणांकडून माल घेते. आता त्यांच्या डोक्यात असं आहे की नुसता माल उचलण्यापेक्षा भारतात स्वतःचे पैसे घालून डाईंग, फिनिशिंग आणि शिलाईचं युनिट टाकायचं आणि विणकाम आमच्यासारख्यांकडून करून घ्यायचं. यादीत पानिपत आहे, तमिळनाडूतलं करूर आहे आणि आपलं सोलापूर आहे. पुढच्या महिन्यात त्यांची टीम येणारे, आणि त्याआधी तिन्ही गावच्या सप्लायरकडून त्यांनी दोन-तीन पानांची नोट मागितलीय की आम्ही तुमच्याच गावात का यावं.

आता मी लिहायला बसलो की जे कोणीही लिहील तेच सुचतं, जमीन स्वस्त आणि मजुरी कमी. पण मजुरी कमी हा मुद्दा मला त्या नोटमध्ये टाकायचाच नाहीये. जो स्वस्त मजुरीसाठी येतो तो उद्या त्याहून स्वस्त गाव मिळालं की मशिनरी उचलून जातो, आणि कारखाना गेला की गावाचं काय होतं हे आपल्याला कोणी सांगायला नको, जुनी मिल गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, प्रत्येक वेळी घरंच्या घरं उघड्यावर आली. म्हणून मला असं कारण हवंय की ज्याच्यासाठी ते आले तर टिकतील.

माझ्या मते ते कारण म्हणजे इथली माणसं. आमचे जॉबर, म्हणजे माग लावणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर, शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलतात, बापाचा आणि आजोबाचाही हाच धंदा. टेरीला दोन बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) लागतात हे कापडवाल्यांना माहितीच आहे, एक जमिनीचा (मूळ कापडाचा) घट्ट आणि एक पाइलचा (वरच्या लूपचा) ढिला, तीन पिक (आडवे धागे) पडले की फणी पूर्ण ठोकते आणि ढिला धागा वर उचलून लूप तयार होतो. आता तो पाइलचा बीम किती ढिला सोडायचा हे मशीनवर सेट करता येतं खरं, पण सूत बदललं, हवा कोरडी झाली की ते परत हलतं. हा माणूस चालू मागावर टॉवेलच्या किनारीजवळून अंगठा फिरवतो आणि सांगतो की पाइल कमी यायला लागलाय, वजनात मार खाणार. काट्यावर टाकलं की जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) खरंच कमी निघतं. हे दुसरीकडे जमीन घेऊन, मशिनरी आणून विकत मिळत नाही. पण हे इंग्लंडच्या बोर्डासमोर कसं मांडायचं? ते तर आकडे मागणार.

आणि दुसरी काळजी पाण्याची. डाईंग म्हटलं की पहिला प्रश्न तोच येणार आणि गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे त्यांना गुगलवर दोन मिनिटात कळेल. शिवाय परदेशी पैसा येताना कायद्याचं काय काय असतं यातलं मला काही कळत नाही. ज्यांना यातलं थोडंफार माहीत आहे त्यांनी प्लीज लिहा.

होटगीरोडकर

मालक, आधी मनापासून शुभेच्छा, हे झालं पाहिजे. प्रवासाचा मुद्दा आता बेधडक लिहा, पूर्वी हाच आपला सगळ्यात मोठा अडथळा होता. विमानाच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. वंदे भारत तर फेब्रुवारी २०२३ पासून आहे. हायवे पुणे-हैदराबादचा, विजापूरचा, तुळजापूरकडून मराठवाड्यात जाणारा. करूरवाल्यांना तिरुचीला नाहीतर कोईमतूरला उतरून पुढं गाडीनं जावं लागतं, आपल्याकडं विमानतळ गावातच आहे की.

रंगशाळा

मी डाईंगमध्येच आयुष्य काढलंय म्हणून पाण्यावर लिहितो. लपवू नका. कॉटन रिअॅक्टिव्ह रंगानं रंगवायचं तर किलोमागे पन्नास ते शंभर लिटर पाणी जातं, मशीन कुठलं आणि शेड किती गडद त्यावर कमी-जास्त. उजनी ११७ टीएमसीचं धरण आहे पण २०२४ च्या उन्हाळ्यात मायनसमध्ये (वापरायच्या साठ्याच्याही खाली) गेलं होतं, हे सगळ्या पेपरात आलंय, त्यांचा माणूस ते शोधून काढणारच. मग तुम्ही काय करायचं, तर पाणी भरपूर आहे असं लिहायचं नाही, पाणी परत कसं वापरणार ते लिहायचं. आरओ आणि इव्हॅपोरेटर (उरलेलं खारं पाणी आटवणारं यंत्र) लावून झेडएलडी केलं, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही असं केलं, तर बरंचसं पाणी फिरून प्रोसेसला येतं. खर्चिक आहे, नाही म्हणत नाही. पण मोठ्या परदेशी खरेदीदारांना आज तेच हवंय, सांडपाणी कुठं जातं हा प्रश्न ते दराच्या आधी विचारतात. आणि तमिळनाडूत तिरुपूरच्या डाईंगवाल्यांवर २०११ मध्ये हायकोर्टानं युनिट बंद करायची वेळ आणली होती नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून, म्हणजे पाण्याचा प्रश्न फक्त आपल्यालाच आहे असं अजिबात नाही. जो पहिल्या दिवसापासून झेडएलडी घालेल त्याला पुढं कोणी हात लावू शकत नाही.

अजून एक, डाईंग रेड कॅटेगरीत, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत येतं. बांधकामाआधी प्रदूषण मंडळाचं स्थापनेचं संमतीपत्र लागतं आणि चालू करायच्या आधी चालवण्याचं. जागा बघतानाच हे बघा, आधी जमीन घेऊन नंतर संमतीच्या मागं फिरू नका.

बार्शीचा_पुण्यात

मी पुण्यात एका परदेशी ऑटो कंपनीत सोर्सिंगला आहे, गाव बार्शी. या लोकांचा निर्णय कसा होतो ते आतून बघितलंय म्हणून सांगतो. जमीन स्वस्त हा मुद्दा त्यांच्या शीटमध्ये शेवटच्या ओळीत असतो. वरच्या ओळींमध्ये काय असतं, तर एक सप्लायर अडकला तर दुसरा त्याच गावात आहे का, मशीन बंद पडलं तर मेकॅनिक आणि स्पेअर किती तासात येतात, आणि आमच्याआधी कोणी परदेशी गिऱ्हाईक इथं टिकलंय का. यातली पहिली ओळ तुमची सगळ्यात मजबूत बाजू आहे. एका किलोमीटरच्या आत सायझिंग (सुताला खळ लावणं), वार्पिंग (ताणा बीमवर गुंडाळणं), विणकाम, शिलाई सगळं मिळतं, एकाचा बीम अडला तर शेजारचा देतो. तुमच्या जॉबरची गोष्ट अशीच आकड्यात बदला, मागच्या वर्षभरात किती माल रिजेक्ट झाला, डिलिव्हरी वेळेत किती टक्के गेली, कामगार सरासरी किती वर्षं टिकतात. हे सगळं तुमच्या रजिस्टरला असणार. बोर्डाला कौशल्य असंच दिसतं.

आणि तिसऱ्या ओळीसाठी प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचं नाव लिहा. १९९२ मध्ये सोलापुरात सुरू झालेली कंपनी, इथं कॅमशाफ्ट बनवून जनरल मोटर्स, फोर्डसारख्यांना देते, आणि पुढं जाऊन तिनंच जर्मनीतल्या आणि नेदरलँड्समधल्या कंपन्या विकत घेतल्या. सोलापूरच्या कारखान्यातून जगाच्या क्वालिटीचं काम निघतं की नाही याला याहून चांगला पुरावा काय देणार. बालाजी अमाइन्सचं पण आहे, किर्लोस्कर फेरसची फाउंड्री आहे. कापडातलं नसलं तरी गावाची पत त्यातून दिसते.

सीए_सातरस्ता

कायद्याचं थोडक्यात. कापड उत्पादनात शंभर टक्के परदेशी गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटनं चालते, सरकारची आधी परवानगी लागत नाही. अपवाद एकच, २०२० च्या प्रेस नोट ३ प्रमाणे ज्या देशांची जमिनीची हद्द भारताला लागून आहे तिथून पैसा येत असेल, किंवा त्या पैशाचा खरा मालक तिथला असेल तर परवानगी लागते. इंग्लंडच्या कंपनीत कोणाकोणाचा हिस्सा आहे ते म्हणून आधी विचारून घ्या. प्रायव्हेट लिमिटेड काढली तर त्यात एक तरी डायरेक्टर वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा हवा. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे आणि शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेला एफसी-जीपीआर हा शेअर दिल्याचा फॉर्म भरायचा. ही तारीख चुकू देऊ नका, लेट फी बसते.

टॅक्सचं कोणी सांगेल की नवीन कारखान्याला १५ टक्के आहे, ती सवलत ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्यांपुरतीच होती. आता २२ टक्क्यांचा पर्याय आहे, वर सरचार्ज आणि सेस. नोटमध्ये जुना आकडा गेला तर त्यांचा सल्लागार तिथंच पकडेल.

आणि जागेबद्दल एक विचार करून बघा. चिंचोली एमआयडीसी चांगलीच आहे, पण तुळजापूर रोडनं गेलात की वीसेक किलोमीटरवर तामलवाडी लागतं, ते धाराशिव जिल्ह्यात म्हणजे मराठवाड्यात. राज्याच्या सवलती तालुक्याप्रमाणे ठरतात आणि मराठवाड्याला जास्त मिळतात. कामगार सोलापूरचेच राहतील. दोन्हीकडचं गणित मांडून दाखवा.

शिलाई_विभाग

दादा, मी गारमेंट युनिटमध्ये सुपरवायझर आहे, युनिफॉर्मचं काम. तुम्ही विणकामाबद्दल लिहिलंत पण ते युनिट शिलाईचं पण आहे ना, मग बायकांबद्दल लिहा. आपल्या गावात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, छातीचा त्रास, पाठीचा त्रास, आणि त्यांच्या मुली म्हणतात आम्हाला हे करायचं नाही. शिलाईला या मुली येतात आणि हात इतका झरझर चालतो की आम्हीच बघत राहतो, कारण लहानपणापासून बोटांना मापात काम करायची सवय असते. त्यांना हवं काय, तर वेळेत सुटणारी शिफ्ट, बस, स्वच्छ बाथरूम आणि लहान मुलांना ठेवायला जागा. कुंभारीला रे नगरची घरं झालीत, जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५ हजार घरांचा ताबा दिला, तिथून बस लावली तर माणसं शोधावी लागणार नाहीत. इंग्लंडची कंपनी सेडेक्सचं ऑडिट (कामगारांना कसं वागवता याची तपासणी) मागणारच, पीएफ आणि हजेरी दोन्ही चोख लागतं त्यात. ते आमच्यासाठी पण चांगलंच आहे. हे नक्की लिहा, की इथं चांगली वागणूक दिली तर बाई सोडून जात नाही.

टेरीवाला_सोलापूर

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, तुमचा मुद्दा मी दुसऱ्या पानावर सगळ्यात वर घेतोय, कारण त्यांच्या शेवटच्या ईमेलमध्ये कामगार किती दिवस टिकतात हा प्रश्न होताच आणि मी त्याचा विचार फक्त मागावरच्या माणसांपुरता करत होतो. पुण्याच्या दादांनी सांगितलं तसं रिजेक्शनचं आणि डिलिव्हरीचं रजिस्टर काढायला बसवलंय. मजुरीचा दर नोटमध्ये येणार नाही, त्याऐवजी पगार, पीएफ, बस आणि पाळणाघर धरून एका टॉवेलला खरा खर्च किती येतो ते देणार, म्हणजे नंतर कोणी पगार कापून तो आकडा गाठायला बघणार नाही.

भारत-ब्रिटन व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, त्यात कापडावरची ड्युटी शून्य करायचं ठरलंय, तो मुद्दा पण टाकतोय. पण तो पानिपत-करूरला पण सारखाच लागू आहे, त्यामुळे दोन ओळींत संपवतो. त्यापेक्षा सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे त्यावर जास्त लिहीन, हॉटेलच्या टॉवेलच्या लेबलवर गावाचं नाव टाकता येतं आणि त्याला कायद्याचा आधार आहे.

आता अजून दोन गोष्टींची मदत लागणार आहे. चिंचोलीत किंवा तामलवाडीत ज्यांनी डाईंगचं किंवा केमिकलचं संमतीपत्र अलीकडं काढलंय त्यांना किती महिने लागले ते सांगा, नाव नको, फक्त महिने आणि कुठं अडलं ते. आणि रंगशाळा काका, दिवसाला पाच टन रंगाईच्या हिशोबानं झेडएलडीचं साधारण बजेट काय धरावं? मशिनरीवाल्यानं जो आकडा दिलाय तो मी तुम्हाला मेसेज करतो, तो बरोबर आहे का एवढं बघून सांगा, नोट सोमवारी पाठवायचीय.

रंगशाळा

पाठवा. त्यात इव्हॅपोरेटरची वाफ कशावर करणार ते धरलंय का ते आधी बघा, बहुतेक कोटेशनमध्ये ते वगळलेलं असतं आणि महिन्याचा खरा खर्च तिथंच असतो. आणि निघणारं मीठ कुठं टाकणार तेही विचारा. रात्री नऊनंतर फोन केलात तरी चालेल.