अक्षय ऊर्जेचा जागतिक बाजार: वाढीचे आकडे कसे वाचायचे आणि २०३० पर्यंत कोणता दर धरायचा?

हिशेबी_वाचक

जागतिक अक्षय ऊर्जा बाजाराच्या वाढीवर एक टिपण लिहायला घेतलं आहे. अहवाल ढीगभर आहेत, पण आकड्यांचा मेळ बसत नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी.

२०२४ मध्ये जगात सौर क्षमता किती वाढली? आयरेना (आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था) ४५२ गिगावॅट म्हणते, सोलरपॉवर युरोप ही उद्योग संघटना ५९७ म्हणते. फरक थोडाथोडका नाही, जवळजवळ दीडशे गिगावॅटचा आहे.

जगाच्या एकूण वीजक्षमतेत अक्षय स्रोतांचा वाटा २०२४ अखेर ४६ टक्के झाला, पण त्या वर्षीच्या प्रत्यक्ष विजेत तो ३२ टक्केच होता. ही तफावत तात्पुरती आहे की कायमची?

मागणी दरवर्षी नवा उच्चांक गाठते आणि तरी पॅनल बनवणाऱ्या कंपन्या तोट्यात आहेत, असं का?

आणि शेवटचं: २०३० पर्यंतच्या अंदाजासाठी वाढीचा कोणता दर धरावा?

---

मीटर_रीडिंग

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो.

वॅट कुठे मोजला, यात सगळी गोम आहे. पॅनलांची बेरीज केली की डीसी क्षमता मिळते. पॅनलची डीसी वीज ग्रीडला लागणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरमधून जास्तीत जास्त किती वीज बाहेर पडू शकते ते मोजलं की एसी. मोठ्या प्रकल्पांत १०० मेगावॅटच्या इन्व्हर्टरमागे साधारण १२० ते १३० मेगावॅटची पॅनलं लावतात. कारण पॅनल त्याच्या पाटीवरची क्षमता क्वचितच गाठतं. ऊन तिरपं असतं, धूळ बसते, आणि पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. भर उन्हात पॅनल ६० अंशांवर सहज जातं, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त तिथेच गेले. चीनसह अनेक देशांचे सरकारी आकडे एसीत असतात, तर उद्योग संघटना डीसीत मोजतात. दीडशे गिगावॅटांतला बराच भाग इथे सुटतो. उरलेल्यात नोंद न झालेली छपरं येतात. पाकिस्तानचं उदाहरण घ्या: २०२४ मध्ये तिथे सुमारे १७ गिगावॅटची पॅनलं आयात झाली. त्यांतली पुष्कळशी थेट घरांवर, शेतांत आणि कारखान्यांवर चढली आणि सरकारी क्षमतेच्या तक्त्यात आलीच नाहीत.

पॅनलांचा बाजार मोजायचा असेल तर डीसी घ्या, ग्रीड आणि निर्मिती मोजायची असेल तर एसी. एका वर्षाचा आकडा एका स्रोतातून आणि दुसऱ्या वर्षाचा दुसऱ्यातून उचलला, तर वाढीचा दर हमखास चुकणार.

क्षमता आणि निर्मिती यांतली तफावत तात्पुरती नाही, ती स्रोताच्या स्वभावातच आहे. १ गिगावॅटचं केंद्र वर्षभर पूर्ण ताकदीने चाललं तर ८.७६ टेरावॅट-तास (१ टेरावॅट-तास म्हणजे १०० कोटी युनिट) वीज देतं. अणुकेंद्रं त्यातली ८० टक्क्यांच्या वर देतात, समुद्रातले पवनप्रकल्प चांगल्या जागी ४० ते ५०, जमिनीवरचे साधारण २५ ते ४० आणि सौर १० ते २५.

हे पडताळून पाहायला सोपं आहे. सौर क्षमता २०२३ अखेर सुमारे १,४१३ गिगावॅट होती, २०२४ अखेर १,८६५. वर्षभरात लागलेली पॅनलं वर्षभर चालत नाहीत, म्हणून दोन्हींची सरासरी घ्या: १,६३९. त्याला ८.७६ ने गुणलं की १४,३५८ टेरावॅट-तास. एम्बर या ऊर्जा अभ्यास संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ ची प्रत्यक्ष सौर निर्मिती २,१३१ टेरावॅट-तास, म्हणजे जेमतेम १५ टक्के. पुष्कळ टिपणांत वर्षअखेरचीच क्षमता धरतात. तसं केलं तर हाच आकडा १३ टक्क्यांवर येतो आणि सौरऊर्जा आहे त्यापेक्षा कमकुवत दिसते. बाजार वेगाने वाढत असतो तेव्हा ही चूक आणखी मोठी होते.

म्हणून टिपणात गिगावॅटच्या शेजारी टेरावॅट-तासांचा रकाना हवाच. २०२४ मध्ये अक्षय निर्मिती ८५८ टेरावॅट-तासांनी वाढली. हा उच्चांक होता, तरी जगाची विजेची मागणी सुमारे ४ टक्के वाढल्यामुळे जीवाश्म इंधनांची वीजही थोडी वाढलीच. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत मात्र सौर आणि पवन मिळून झालेली वाढ मागणीच्या वाढीपेक्षा जास्त भरली, आणि अक्षय स्रोतांनी मिळून कोळशापेक्षा जास्त वीज दिली. क्षमतेच्या कुठल्याही विक्रमापेक्षा ही बातमी मला जास्त मोलाची वाटते.

---

दुपारचा_भाव

तोट्याचं कारण सरळ आहे: माल फार झाला. जगात वर्षाला १,००० गिगावॅटपेक्षा जास्त पॅनलं बनवू शकतील एवढे कारखाने उभे आहेत, आणि २०२४ मध्ये बसली ती डीसीत मोजूनही ६०० च्या आसपास. पॉलिसिलिकॉन या कच्च्या मालापासून तयार पॅनलपर्यंत प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. एकदा भट्टी पेटवली की ती बंद ठेवणंही महाग पडतं, म्हणून कंपन्या उत्पादनखर्चाच्या खाली विकत राहिल्या आणि पॅनलचा भाव वॅटला १० अमेरिकी सेंटच्या आसपास येऊन टेकला. चीनने १ डिसेंबर २०२४ पासून पॅनलच्या निर्यातीवरचा करपरतावा १३ वरून ९ टक्क्यांवर आणला, त्यामागे हीच भावघसरण होती.

पण टिपणात याहून मोठी जागा दुसऱ्या गोष्टीला द्या: वीज विकणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष पडणारा भाव. सगळी पॅनलं एकाच वेळी, भर दुपारी वीज देतात, आणि बाजारात त्याच वेळी भाव कोसळतो. जर्मनीत २०२४ मध्ये घाऊक विजेचा सरासरी भाव मेगावॅट-तासाला ७८-७९ युरो होता. सौर विजेला सरासरी ४६ च्या आसपास मिळाले. त्या वर्षी तिथे ४५७ तास भाव शून्याच्या खाली होता. ज्या तक्त्यात सौर प्रकल्पाचं उत्पन्न वार्षिक सरासरी भावाने काढलंय, तो तक्ता जर्मनीपुरता तरी सुमारे ७० टक्क्यांनी फुगलेला आहे.

सरकारंही आता हा धोका प्रकल्पांवर सोपवू लागली आहेत. जर्मनीने फेब्रुवारी २०२५ पासून नव्या सौर संचांना शून्याखालच्या भावाच्या वेळेचं अनुदान बंद केलं. चीनने १ जून २०२५ पासून नव्या प्रकल्पांची वीज बाजारभावाने विकायला लावली. तिथे काय झालं पाहा: मुदतीच्या आधी, एकट्या मे महिन्यात, ९३ गिगावॅट सौर क्षमता जोडली गेली आणि जूनमध्ये ती १४ वर आली. असे महिने पुढे ताणून कल काढू नका. मे धरला तर आकाशाला भिडाल, जून धरला तर बाजार संपला असं वाटेल.

दुपारी भाव कोसळतो त्यावर उतारा बॅटरीचा. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जा संशोधन संस्थेच्या पाहणीत लिथियम-आयन पॅकचा सरासरी भाव २०२४ मध्ये किलोवॅट-तासाला ११५ डॉलर आला, एका वर्षात २० टक्के खाली. बॅटरीचा आकडा वाचताना मेगावॅट आणि मेगावॅट-तास दोन्ही पाहा. १०० मेगावॅट व ४०० मेगावॅट-तास म्हणजे चार तासांची बॅटरी. नुसतं १०० मेगावॅट म्हटलं तर ती एक तासाची आहे की चार, ते कळत नाही, आणि किमतीत तर कितीतरी पटींचा फरक पडतो. शिवाय भरलेल्या विजेतली साधारण ८५ टक्केच परत मिळते, तेवढी घट हिशेबात धरा.

---

उपकेंद्र_४००

वरच्या उत्तरात बॅटरीला 'उतारा' म्हटलंय, तो दुपार ते रात्र एवढ्यापुरता. आठवडाभर ऊनही नसेल आणि वाराही नसेल तर चार तासांची बॅटरी पुरत नाही. तिथे जलविद्युत, दूरच्या प्रदेशाशी जोडणाऱ्या वाहिन्या किंवा राखीव केंद्रं लागतात.

खरं घोडं पेंड खातं ते ग्रीडपाशी. सौर किंवा पवन प्रकल्प एक ते पाच वर्षांत उभा राहतो. नव्या पारेषण वाहिनीला आखणी, परवाने आणि बांधकाम धरून पाच ते पंधरा. आयईएने (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था) २०२३ मध्ये जोडणीच्या रांगेत ३,००० गिगावॅट प्रकल्प मोजले, त्यांतले १,५०० बरेच पुढच्या टप्प्यावरचे. मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी आता चार वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पॅनलं गोदामात तयार आणि उपकेंद्रात जागा नाही, अशी परिस्थिती आहे.

पण रांगेचा आकडा म्हणजे होणारे प्रकल्प असंही समजू नका. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २००० ते २०१८ या काळातले अर्ज तपासले. २०२३ अखेरपर्यंत त्यांतल्या क्षमतेपैकी १४ टक्केच कार्यान्वित झाली होती. एकाच प्रकल्पासाठी तीन ठिकाणी अर्ज टाकून जिथे जोडणी स्वस्त पडेल तिथे जायचं, ही तिथली नेहमीची चाल. रांग चाळायची असेल तर जमीन ताब्यात आहे का, जोडणीचा करार सहीसकट झाला आहे का, वीजखरेदीचा करार आहे का आणि कर्ज मंजूर झालंय का, एवढं पाहा. चारही असतील तो प्रकल्प अंदाजात पूर्ण धरा. नुसता अर्ज असेल तर धरूच नका.

अजून एक गोष्ट अंदाजांत सहसा नसते: व्होल्टेज. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, ते व्होल्टेज एकामागून एक ठिकाणी मर्यादेबाहेर चढत गेल्यामुळे. तिथले बरेच अक्षय प्रकल्प ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर चालत होते, म्हणजे व्होल्टेज चढलं तरी ते खाली ओढण्याचं काम त्यांच्याकडे नव्हतंच. इन्व्हर्टर हे काम करू शकतो, पण नियमाने ते त्याला नेमून द्यावं लागतं. ग्रीड-फॉर्मिंग इन्व्हर्टर (स्वतः व्होल्टेज उभं करून धरणारे) आणि सिंक्रोनस कंडेन्सर (व्होल्टेज सांभाळण्यासाठी फिरत ठेवलेली यंत्रं) यांची मागणी आता वाढतेय ती याचमुळे. त्यांचा खर्च प्रकल्पाच्या किंमतीत धरायचा की ग्रीडच्या, हे प्रत्येक देशात वेगळं आहे.

---

हिशेबी_वाचक

फारच उपयोगी. एक शंका राहिली. पॅनल इतकं स्वस्त झालं, मग गरीब देशांत वाढ त्याच वेगाने का दिसत नाही? ऊन तर तिथे जास्त आहे.

---

कर्ज_आणि_किलोवॅट

कारण अक्षय प्रकल्पात इंधनाचा खर्च नाही, जवळजवळ सगळा पैसा पहिल्या दिवशी लागतो. म्हणजे विजेची किंमत बहुतांशी व्याजदर ठरवतो. स्वतः करून पाहा: किलोवॅटला १,००० डॉलर खर्च, २५ वर्षं आयुष्य, २० टक्के वापर, म्हणजे वर्षाला १,७५२ युनिट. भांडवल ५ टक्क्यांनी मिळालं तर वार्षिक हप्ता सुमारे ७१ डॉलर, युनिटला ४.१ सेंट. तेच १० टक्क्यांनी मिळालं तर हप्ता ११० डॉलर, युनिटला ६.३ सेंट. देखभालीचा खर्च दोन्हींत धरलेला नाही. पॅनल तेच, ऊन तेच, वीज ५० टक्क्यांहून जास्त महाग. अनेक विकसनशील देशांत भांडवलाचा दर श्रीमंत देशांच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो, शिवाय कर्ज डॉलरमध्ये आणि विजेची वसुली स्थानिक चलनात.

व्याजाचा तडाखा श्रीमंत देशांनाही बसतो. ब्रिटनने २०२३ च्या लिलावात समुद्री पवनऊर्जेला मेगावॅट-तासाला ४४ पौंडांची कमाल मर्यादा ठेवली (२०१२ च्या किमतींत), आणि एकही बोली आली नाही. पुढच्या फेरीत मर्यादा ७३ केली तेव्हा बोली आल्या. तोवर व्याज आणि पोलाद दोन्ही चढलेले होते, मर्यादा मात्र जुन्याच हिशेबाची होती.

---

मीटर_रीडिंग

आता दराचं. दुबईच्या हवामान परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये २०३० साठी ११,००० गिगावॅटचं उद्दिष्ट ठरलं. २०२४ अखेर क्षमता ४,४४८ होती. सहा वर्षांत तिथे पोचायला वर्षाला सरासरी १,०९० गिगावॅट, म्हणजे १६ टक्क्यांच्या थोडी वर वाढ लागते. २०२४ ची विक्रमी भर ५८५ गिगावॅट, १५ टक्के. टक्क्यांत फरक किरकोळ दिसतो, गिगावॅटमध्ये दुपटीच्या जवळ जातो, कारण चक्रवाढीचा मोठा भार शेवटच्या वर्षांवर पडतो आणि नेमक्या त्याच वर्षांत ग्रीडची रांग आडवी येते.

आयईएने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला अंदाज आधीच्या वर्षापेक्षा ५ टक्क्यांनी उतरवला. अमेरिकेतल्या करसवलती लवकर संपणार आणि चीनची भावपद्धत बदलली, ही त्याची मुख्य कारणं. त्यांच्या मते २०३० पर्यंत सुमारे ४,६०० गिगावॅटची भर पडेल, तिच्यात ८० टक्के सौर. ही बेरीज ९,००० च्या आसपास जाते, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जवळजवळ २,००० कमी. पायाभूत अंदाजाला हीच रेघ घ्या, ११,००० वरची रेघ म्हणून ठेवा. आणि चीन वेगळा काढून उरलेल्या जगाचा तक्ता स्वतंत्र करा. २०२४ च्या भरीत चीनचा वाटा सुमारे ६४ टक्के होता. एकत्र तक्त्यात त्या एका देशाच्या धोरणातला बदल जगाचा कल वाटू लागतो.