महिनोन्‌महिने उभ्या गाडीला स्मार्ट चार्जर कुठला घ्यावा?

मृण्मयी_कोथरूड: बाबांची गाडी सोसायटीत नुसती उभी असते. निघायच्या दिवशी हमखास वॉचमनला धक्का मारायला बोलवायचं. बॅटरी १२ व्होल्ट, ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता), पाणी घालायची. १० अँपिअरचा चार्जर घेतला तर लवकर होईल ना? आणि रात्रभर लावून ठेवला तर चालतं?

आबा_मिरज: मोठ्याच्या नादी लागू नका ताई. एएचच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट धरायचा, म्हणजे तुम्हाला ४ अँपिअर पुष्कळ. पूर्ण उतरलेली असेल तर दहा-बारा तास लागतील, लागू देत. चार्जरवरचा मोड ‘लेड ॲसिड’चाच, तुमची पाणी घालायची बॅटरी त्याच जातीची; लिथियमचा चुकूनही नाही. स्मार्ट चार्जरचे पैसे वसूल होतात ते चार्जिंगच्या शेवटी. १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊन करंट आपोआप उतरवतो, मग साडेतेरावर धरून ठेवतो. आमच्या दुकानातला जुना ट्रान्सफॉर्मरवाला थांबायचाच नाही, सकाळी शटर उघडलं की ॲसिडचा वास आणि बॅटरी खदखदतेय.

रात्रीचं म्हणाल तर पहिल्यांदा दिवसा लावा. मधूनमधून बॅटरीला हात लावून बघा, चटका बसला तर बंद.

जोडताना भिंतीवरचं बटण बंद. लाल चिमटा प्लसला, काळा बॅटरीपासून लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला, मग बटण. काढताना आधी बटण. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, बॅटरीजवळ ठिणगी उडाली तर भडका. बॉनेट उघडंच ठेवा.

पार्किंग_बी२: आमच्याकडे खाली प्लगच नाही. वर घरात नेली तर?

आबा_मिरज: न्या की. खोलताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. उभीच धरा, कलंडली तर ॲसिड पँटला भोकं पाडतं. बाल्कनीत ठेवा, गॅसच्या शेगडीजवळ अजिबात नको. चार्जरवरचा ‘रिपेअर’ मोड, म्हणजे मरगळलेली बॅटरी उठवायचा, वापरायचाच असेल तर तोही असाच, गाडीबाहेर. काही चार्जर त्यात १५च्या वर व्होल्टेज नेतात, गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला ते सोसत नाही.

मृण्मयी_कोथरूड: आत्ता मीटर लावला तर १०.८ दाखवतोय. उठेल का?

आबा_मिरज: आधी झाकणं उघडून बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर. नळाचं नको. पूर्ण चार्ज करून चिमटे काढा, रात्रभर तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.६च्या पुढेमागे राहिली तर चार्जर खुशाल घ्या. पुन्हा साडेदहावर आली तर सहातला एक सेल गेलाय. तोवर शेजाऱ्यांचा चार्जर मागून आणा, विकत घ्यायची घाई नको.

मृण्मयी_कोथरूड: तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे, विचारते.