न्यूटन रिंग्ज : तरंगलांबी जास्त येतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीत बीएस्सीला आहे. न्यूटन रिंग्जच्या प्रयोगात (भिंग सपाट काचेवर ठेवून दिसणाऱ्या कड्यांवरून प्रकाशाची तरंगलांबी काढतात) सोडियम दिव्याची तरंगलांबी 5893 अँगस्ट्रॉम यायला हवी, माझी 6350 च्या आसपासच येते. मधला ठिपका काळा हवा तो उजळ दिसतो, पण ते धुळीचं काम असावं. कड्यांच्या व्यासांच्या वर्गांतला फरक घेतला की त्याचा परिणाम उडतो. व्यासाचा वर्ग आणि कड्याचा क्रमांक यांचा ग्राफ तर सुतासारखा सरळ.

माझा संशय स्फेरोमीटरवर, म्हणजे वक्रता त्रिज्या मोजायच्या तीन पायांच्या उपकरणावर; तीच त्रिज्या तरंगलांबीच्या सूत्रात येते. भिंगाची वक्रता त्रिज्या साधारण 100 सेंमी, पायांमधलं अंतर 4 सेंमी. म्हणजे स्क्रूने मोजायची भिंगाच्या फुगवट्याची उंची जेमतेम 0.27 मिमी, आणि लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वात लहान माप) 0.01 मिमी! एक भाग इकडचा तिकडे झाला की त्रिज्येत जवळपास चार टक्क्यांचा फरक. त्यात लॅबमधल्या स्फेरोमीटरचा स्क्रू डुगडुगतो. एकाच दिशेने फिरवून रीडिंग घेतलं तरी तेच.

त्रिज्या दुसऱ्या कुठल्या रीतीने काढू? बॉइज पद्धत (भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या परावर्तनाने त्रिज्या काढायची) वाचली, पण तिला नाभीय अंतरही लागतं. सपाट-बहिर्वक्र भिंग असल्याने ते 2 मीटरच्या घरात जातं आणि आमचा ऑप्टिकल बेंच दीड मीटरचा. जमिनीवर मांडून जमेल का? की विश्रामबाग-मिरजेकडे कुणाकडे धड स्फेरोमीटर आहे? जर्नल सबमिशन तोंडावर आलंय.